जर्सीचा मान

"काम करताना लागलं का?" क्लिनिकच्या काउंटरवरच्या बाईनं विचारलं. इथं कुणीही पडलं, आपटलं की आधी अपघाताचा फॉर्म भरतात, आणि त्यात हा प्रश्न असतोच.

माझा गुडघा सुजून टम्म झाला होता. मी म्हणाले, "हो. कामावरच."

शेजारी आमच्या युनिव्हर्सिटीच्या हॉकी टीमची मॅनेजर उभी होती. ती खो खो हसली. "नो, नो. शी डझन्ट वर्क. शी प्लेज." माझ्या हातातलं पेन काढून घेऊन तिनं माझ्या 'हो'वर काट मारली आणि स्वतःच्या अक्षरात 'स्पोर्ट' लिहिलं. वर पाठ थोपटली. रांगेतले दोघं-तिघंही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विनोद केलाच नव्हता.

माझं खेळणं कसं होतं ते सांगते. पहाटे साडेपाचला जिम. लेक्चर संपलं की टर्फवर. काय खायचं ते टीमच्या कागदावर लिहिलेलं. शाळांना सुट्टी लागली की लहान मुलींना हॉकी शिकवायची. देणगीदारांच्या जेवणात जर्सी घालून प्लेट्स फिरवायच्या. माहितीपत्रकासाठी हसायचं. त्यात माझा फोटो सगळ्यात पुढे, कारण टीममध्ये सावळी मी एकटीच. राहायचंही टीमबरोबर, हॉस्टेलवर. घर त्याच शहरात, हॅमिल्टनमध्येच, बसनं वीस मिनिटांवर. तरी बुद्धपौर्णिमेला घरी जाऊ का विचारलं तर कोच म्हणाला, "कान्ट रिलीज यू."

बदल्यात फी माफ. बाबा अजून वर्क व्हिसावर, त्यामुळे मला परदेशी विद्यार्थ्यांची फी. ती आम्हाला झेपणारी नव्हती. टीम सुटली की फी अंगावर, फी थकली की माझा स्टुडंट व्हिसा गेला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. सगळीकडून कोंडलेली होते, आणि हे बोलायचीही सोय नव्हती. जो तो म्हणायचा, नशीब काढलंस पोरी.

क्लिनिकच्या दारातच मॅनेजरनं एक कागद हातात दिला. शुक्रवारपर्यंत सही हवी होती. त्यात लिहिलं होतं: मी हौसेनं, व्हॉलंटिअर म्हणून खेळते. शनिवारची सेमीफायनल खेळेन. गुडघ्याची जबाबदारी माझी.

त्या दिवशी मी कुणाला न विचारता लंगडत घरी गेले. बाबा 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. माझ्या स्कॉलरशिपचं कौतुक त्यांनी जयंतीच्या कार्यक्रमात माइकवरून केलं होतं. कागद वाचून म्हणाले, "कर सही. एवढं वर्ष काढ, बाळा."

"बाबा, कोच म्हणतो, ही जर्सी घालायला मिळते हाच ऑनर आहे."

"काय आहे?"

"ऑनर. मान."

बाबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "माझ्या आजोबांनाही मान होता. महारकीचा. अंमलदार गावात आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. पायात काटा मोडला तरी थांबायचं नाही. गाव म्हणायचं, हा तुमचा मान, दुसऱ्या कुणाला नाही."

तोवर मान म्हणजे मला लग्नातला फेटा वाटायचा. फुकट राबवून घ्यायचं असलं की आधी मान देतात, हे तेव्हा कळलं. संताप आला. कोचचा कमी, स्वतःचा जास्त. पणजोबांना नाही म्हणायची सोय नव्हती. मी तीन वर्षं थँक्यू म्हणत पळत होते.

सही कर असं बाबा पुन्हा म्हणाले नाहीत.

शुक्रवारी कोचच्या ऑफिसात गेले. मॅनेजरही होती. कोचनं पेन पुढे सरकवलं. "साइन इट अँड वी आर स्वीट अ‍ॅज." म्हणजे सही कर, की सगळं झकास.

मी विचारलं, "मी कधी उठायचं हे कोण ठरवतं?"

"आय डू."

"घरी जायचं की नाही, ते?"

"आय डू."

"मग मी तुमची कोण?"

"लकी," तो म्हणाला.

मॅनेजर या वेळी हसली नाही. हळूच म्हणाली, "नीट विचार कर. तुझ्या व्हिसावर आठवड्याला वीसच तास काम करता येतं. हे काम होतं म्हणालीस, तर नियम तू मोडलास."

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी वीस तासांच्या वर राबते हे हिला माहीत होतं. खेळते, खेळते म्हणणाऱ्यांनी माझे तास मोजून ठेवले होते.

मी कागद फाडला नाही. सही न करता घडी घालून पिशवीत टाकला, पुरावा म्हणून. शनिवारी खेळले नाही. सोमवारी फीमाफी बंद झाल्याचं पत्र आलं.

मोफत कायदा सल्ला देणाऱ्या बाईंनी काही लपवलं नाही. कागदावर तुला काय म्हटलंय एवढ्यावर इथला कायदा थांबत नाही, म्हणाल्या, प्रत्यक्षात काय चालतं ते बघतो. पण हरू शकतेस. व्हिसाही जाऊ शकतो. मी रात्रभर विचार करत बसले नाही, तिथल्या तिथे ठरवलं. मी त्यांच्याकडे नोकरीला होते, असा दावा युनिव्हर्सिटीवर लावला, माझ्या नावानं.

भीती वाटते. खूप वाटते. डिग्रीशिवाय परत पाठवलं तर जाईन. पण मी हौसेनं खेळत होते असं लिहून देणार नाही. साक्षीदारांत पहिलं नाव मी मॅनेजरचं दिलंय. मी त्यांच्याकडे कामाला होते, हे मी तिच्याच तोंडून वदवून घेणार आहे.