अकरा लाखांचा कागद

हे मी कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवळात हात जोडून उभा असतो तेव्हा देवालाही नाही — तिथे भलतंच काहीतरी मागतो आणि सटकतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर माझी जीभ रेटली नसती. एवढा शूर मी कधीच नव्हतो.

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. सातबारा, पासपोर्टचे अर्ज, झेरॉक्स, लॅमिनेशन. लॉजवाल्यांच्या वेबसाइटीही करतो. लोक नंदूशेठ म्हणतात. मी काही सांगितलं की माना डोलावतात, कारण माझ्यासमोर स्क्रीन असते. आणि खरं सांगू? मला ते आवडायचं. अजूनही आवडतं, हीच तर रड आहे.

शब्बीरभाई दिघीचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण शाळेत एका बाकावर, कारण तो दोनदा नापास झाला होता. बारा वर्षं मस्कतला गाडी चालवत होता. घरी बायको आणि म्हातारी अम्मी. एका सुट्टीत त्याच्या मनात आलं, पर्यटकांसाठी घरात दोन खोल्या काढू. तेव्हा मी त्याला वेबसाइटसाठी एक नाव घेऊन दिलं — डोमेन म्हणतात, इंटरनेटवरचा पत्ता समजा. खाडीकाठच्या घराला शोभेलसं. इथे ते लिहीत नाही. ते अजून त्याचंच आहे. खोल्या काही झाल्या नाहीत, नाव तेवढं राहिलं.

मग एकदा तो आला तो ठरवूनच — आता परत जायचं नाही. चुलत्याचा मासेमारीचा मचवा किनाऱ्याला नुसता उभा होता, इंजिन गेलेलं. जुनं का होईना, इंजिन बसवलं की धंदा सुरू. अम्मीची तब्येत तोळामासा झाली होती. ती म्हणायची, आता माझ्या डोळ्यांसमोर ऱ्हा. आणि त्याच महिन्यात पुण्याच्या एका रिसॉर्टवाल्याचा मेल आला. हे नाव आम्हाला द्या, नव्वद हजार देतो. मेल माझ्याकडे आला, कारण नोंदणी करताना पत्ता मीच माझा घातला होता. शब्बीरभाईला मेल-बिल कुठलं जमायला!

निरोप मिळताच तो पहिल्या एसटीने आला. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "नंदू, इंजिन आलं समज."

मी काय म्हणायला हवं होतं? देऊन टाक — बस्स, एवढंच. पण एवढ्यात माझी हुशारी कुठे दिसणार? मी म्हटलं, थांब, आधी किंमत काढू.

नावांची किंमत सांगणारी यंत्रं इंटरनेटवर फुकट मिळतात. नाव टाका, बटण दाबा, आकडा हजर. मी तीन ठिकाणी टाकलं. पहिल्याने सांगितलं, किंमत जवळजवळ शून्य. दुसऱ्याने चार हजार. तिसऱ्याने — अकरा लाख. एकच नाव, एकच सकाळ! यावरून काय समजायचं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ही यंत्रं अक्षरं मोजतात, तसली नावं पूर्वी कुठे कितीला गेली ते चाळतात आणि ठोकून देतात. घेणारा कोण आहे, त्याला केवढी निकड आहे, हे त्यांना कुठून कळणार?

आणि मला ते माहीत होतं. हे ध्यानात घ्या. गंमत म्हणून मी एकदा त्या तिसऱ्या यंत्रात 'सुकाबोंबील' टाकून पाहिलं होतं. त्याची किंमत चाळीस हजार आली होती. पोट धरून हसलो होतो.

मग तोच आकडा मी का दाखवला? कारण माझ्याकडेही नावं होती. तीसेक. कधीतरी कुणीतरी येईल आणि लाखांनी नेईल म्हणून वर्षानुवर्षं राखलेली. त्याच यंत्राने त्यांनाही लाखांत तोललं होतं, आणि एकासाठीही कधी कुणी विचारलं नव्हतं. यंत्राने अकरा लाख सांगितलेलं शब्बीरभाईचं नाव नव्वद हजारांनाच गेलं, तर माझ्या नावांचे लाख कसले? बाजारात तुरी म्हणतात तसं चाललं होतं माझं. त्याला अकरा लाख मिळायला हवे होते — माझ्यासाठी.

पहिले दोन आकडे मी बंद केले. तिसरा छापला. वर सेंटरचा शिक्का मारला. आमच्याकडे शिक्क्याचा कागद म्हणजे सरकारी कागद. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाला, लॅमिनेट करून दे. मी करून दिला. वीस रुपये घेतले.

तरी तो कचरत होता. अम्मी बोलते, मिळतंय ते घे. तेव्हा मी त्याला त्याच्याच भाषेत गाठलं. म्हटलं, भाई, मासळीच्या लिलावात पहिल्या बोलीला पाटी सोडतोस का? कोण सोडतं! आमच्या किनाऱ्यावर पहिली बोली घेतली तर बायका तोंडावर हसतात. त्याला पटलं. पटणारच. पण पापलेटच्या पाटीभोवती वीस गिऱ्हाइकं उभी असतात. या नावाला जगात एकच होतं. तेवढंच मी बोललो नाही.

इथवर तुम्ही म्हणाल, चुकला बिचारा, चुकतो माणूस. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण हा कबुलीजबाब त्या कागदाचा नाहीच. कागदामागे लपून बसलोय मी इतका वेळ.

आमचं नाही म्हणून उत्तर गेलं. आठवड्याने पुण्याहून दुसरा मेल आला. एक लाख दहा हजार देतो, हे शेवटचं. गुरुवारपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही दुसरं नाव घेतो.

मी तो वाचला. सोमवार होता. तीन दिवस हातात होते, फोन समोर होता. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग अकरा लाखांचं काय? आणि मला म्हणावं लागलं असतं — भाई, मला काही कळत नाही. नंदूशेठला काही कळत नाही! मंगळवारी तो स्वतः सेंटरवर आला. विचारलं, आला काय रे काही? मी स्क्रीनकडे बघत म्हटलं, न्हाय भाई, अजून न्हाय. बुधवारी बाजारात भेटला, तेव्हाही तेच. गुरुवार गेला. मेल मी पुसून टाकला.

रिसॉर्ट दुसऱ्याच नावाने उघडलं. चार महिने वाट बघून शब्बीरभाई मस्कतला परत गेला. मचव्याच्या फळ्या चुलत्याने विकल्या. दरसाल तो मला त्या नावाच्या नोंदणीचे पैसे पाठवतो आणि मी नोंदणी करतो. नको करूस म्हणायलाही तोंड लागतं.

गेल्या वर्षी अम्मी गेली. त्याला रजा मिळाली नाही. जनाजा निघाला तेव्हा व्हिडिओ कॉल माझ्याच फोनवर लावला होता. कब्रस्तानाच्या कडेला उभा राहून मी फोन धरला होता. तो पलीकडे गाडीत बसला होता, तोंडावर रुमाल दाबून. एकदा म्हणाला, नंदू, जरा जवळ धर. मी दोन पावलं पुढे झालो. मला तिथे उभं राहायचा काय हक्क होता?

अम्मीच्या चाळिसाव्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला. म्हणाला, "नंदू, ते नव्वद घेतले असते तर अम्मीला खांदा दिला असता मी. तू आपला भल्याचंच सांगितलंस, हाव मलाच सुटली. पण इतकी वर्षं मनात तुझा राग धरला होता रे. माफ कर मला."

मी म्हणालो, "जाऊ दे भाई. केलं माफ."