मुक्यांचा शनिवार

कुलपाच्या कारखान्यात तिला सगळे कानमावशी म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथंच राहिलं. बाई अंगानं वाळकी, तोंडानं फटकळ, आणि कान असे की भिंतीपलीकडं मुंगी शिंकली तरी हिला कळावं. तपासणीच्या लांब टेबलाशी तिची उमर गेली. डाव्या हातात कुलूप घ्यायचं, कानाशी धरायचं, किल्ली फिरवायची. आत तीन पट्ट्या. चांगलं कुलूप तीनदा बोलतं. तीनदा बोललं की त्याच्या बुडावर तिचा सात नंबरचा शिक्का धरून हातोडीचा एक ठोका. दोनदाच बोललं तर ते मुकं. मुकं कुलूप उघडत नाही असं नाही. आज उघडेल, उद्या उघडेल, आणि एखाद्या दिवशी नेमकी नड असताना दातखीळ बसल्यासारखं बसेल. असली कुलपं मागच्या फळीवर जायची, खोलून दुरुस्त करायला.

पण खोलतंय कोण? त्या काळी बाहेरच्या देशातल्या कुलपावर सरकारनं असा कर बसवला होता की एकाच्या किमतीत इथली चार यावीत. दुकानात दुसरा मालच नाही. थोरले मालक म्हणायचे, "सरकारनं भिंत बांधून दिलीय. गिऱ्हाईक जाणार कुठं?" म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी फळी रिकामी करायची रीत पडली. मुकी कुलपं न खोलता पुन्हा टेबलावर यायची आणि त्या दिवशी कान न लावता नुसते शिक्के मारायचे. त्याला मुक्यांचा शनिवार म्हणत. मालकांकडून चहा असायचा, थट्टामस्करी चालायची. तिचा नवरा पत्रा दाबायच्या यंत्रावर होता. तो म्हणायचा, "आज बायकोचे कान सुट्टीवर. मनात साठलंय ते आज बोलून घेतो." पगार वेळेवर, पोरीची शाळा चाललेली, छप्पर गळत नाही. पोट भरलेल्या माणसाला काय टोचणार?

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या घड्याळजीचं खोपटाएवढं दुकान होतं. त्याला कमी ऐकू यायचं. एकदा चोर पाठीमागनं येऊन चार घड्याळं उचलून गेला, तेव्हापासून तो जाळीच्या दाराला आतून कुलूप लावून कामाला बसायचा. कुलूप त्यानं कानमावशीला विचारूनच घेतलं होतं. ती म्हणाली होती, "बुडाला सात बघा आणि डोळे मिटून घ्या."

एका दुपारी त्याचा स्पिरिटचा दिवा कलंडला. बाहेर जमलेल्यांनी जाळीतून पाहिलं, म्हातारा किल्ली फिरवत होता. घाईनं नाही, घड्याळाला चावी द्यावी तशी, नीट. पहार येईस्तोवर धुरानं आपलं काम उरकलं होतं. लोक म्हणाले, म्हातारा घाबरला, हात थरथरला, किल्ली मोडली. कानमावशीही तेच म्हणाली. मग कुणाचं लक्ष नाही बघून तिनं ते कुलूप उचललं, उलटं केलं, आणि घरी आणून पिठाच्या डब्यामागं ठेवलं.

पुढच्या मुक्यांच्या शनिवारी तिनं शिक्के मारले का? मारले. चहाही प्याली.

पण तेव्हापासून भांडी घासून झाली, गल्ली दुपारची निपचित पडली, की पिठाच्या डब्यामागं आवाज यायचा. टक. टक. मग ती तिसऱ्याची वाट बघायची. अर्धी जांभई अडकल्यावर जीव कसा कासावीस होतो, तसं व्हायचं. तिसरा यायचा नाही.

पुढं सरकार बदललं, भिंत पडली. रेडिओवर एक मऊ आवाजाचा माणूस सांगायचा की व्यापार मोकळा झाला की सगळ्यांचंच भलं होतं, थोडी कळ सोसा. बाहेरची कुलपं हातगाड्यांवर आली, निम्म्या दरात. कामगारांनी मोर्चा काढला. 'आपलं कुलूप, आपली चूल' अशी पाटी घेऊन नवरा पुढं, ती मागं. परतताना तिनं गुपचूप एक परकं कुलूप घेतलं आणि कानाशी लावलं. तीनदा बोललं. दुसऱ्या गाडीवरचं लावून पाहिलं. तेही तीनदा. नवऱ्यानं विचारलं, काय म्हणतंय? ती म्हणाली, "पोपटपंची करतंय." उभ्या जन्मात कानाला लावलेल्या कुलपाबद्दल ती पहिल्यांदा तोंडानं खोटं बोलली. हातानं बोललेलं वेगळं.

दीड वर्षात कारखाना बसला. नवरा उंबऱ्यात बसायचा आणि उजव्या तळव्यानं गुडघा दाबायचा, यंत्राच्या ठेक्यात, एक दाब, एक उसंत. दिवसभर. कुणी हाक मारली तरी ठेका मोडायचा नाही. एका थंडीत तो ठेका थांबला.

त्याच कारखान्याच्या जागेत मग परक्या कुलपांचं गोदाम झालं आणि कानमावशी तिथं खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागली. पोट काही रुसून बसत नाही. जिथं नवऱ्याचं यंत्र होतं तिथं फरशीवर तेलाचा काळा डाग होता. त्याच्यावर ती कधी पाय द्यायची नाही. खाली वाकली की फरशीतून ठेका यायचा, एक दाब, एक उसंत. घरी डब्यामागं टकटक, कामावर हे. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत लोक भिंत हवी की नको यावर हमरीतुमरीवर यायचे. एक म्हणायचा, भिंत असती तर कारखाना जगला असता. दुसरा म्हणायचा, अरे कुंपणानंच शेत खाल्लं. तिला कुणी विचारलं तर म्हणायची, "मला दोन्हीकडनं ऐकू येतं," आणि चालू लागायची. लोकांना वाटायचं, म्हातारी चळली.

बारा वर्षांनी भिंत पुन्हा उभी राहिली. नवा कर, पहिल्याहून उंच. गोदाम ओस पडलं आणि तिथं खोकी उचलणारा तिचा जावई घरी बसला. मग एक दिवस धाकटे मालक स्वतः तिच्या खोलीवर आले. कारखाना उघडतोय म्हणाले, जावयाला यंत्रावर घेतो, पण मावशी, टेबलावर तुम्ही पाहिजे. जुनी गिऱ्हाइकं अजून बुडाला सात बघतात. मुलगी दाराआडून नुसती बघत होती. तिला दिवस गेले होते.

कानमावशीनं एकच अट घातली. मुकं कुलूप खोलल्याशिवाय टेबलावर परत यायचं नाही. मालक म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं.

तीन आठवडे तसंच झालं. मग महिन्याचा शेवटचा शनिवार आला. सकाळी ती पोचली तर मागची फळी रिकामी, आणि टेबलावर मुक्यांचा ढीग. एकाचाही स्क्रू हललेला नाही. बाजूला चहाची किटली. जावई तेलाच्या डागावर मांडलेल्या नव्या यंत्राशी उभा होता.

मालक म्हणाले, "मावशी, मागणी फार आहे. आणि आता बाहेरचा माल येत नाही. गिऱ्हाईक जाणार कुठं?"

बापाचंच वाक्य. मुलानं ते कधी ऐकलं असेल की नसेल, पण जिभेवर तयार होतं.

तिनं पिशवीतून ते जुनं कुलूप काढलं, अर्धी किल्ली आत अडकलेलं, आणि टेबलावर ठेवलं. म्हणाली, "या ढिगातलं कुठलंही एक उचला. तुमच्या खोलीला आतून लावा. मी बाहेर काडी पेटवून उभी राहते. उघडून बाहेर आलात की सगळ्यांवर सात मारते."

मालकांनी हात पुढं केला. ढिगावरनं एक कुलूप उचललं, जोखलं, आणि जपून, अंडं ठेवावं तसं परत ठेवलं. मग ते हळू म्हणाले की शिक्का कारखान्याचा आहे, मावशीच्या माहेरचा नाही, आणि मारणारे हात पुष्कळ आहेत. त्यांनी जावयाकडं पाहिलं.

जावई बराच वेळ सासूकडं बघत राहिला. तिनं त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. घरात काय शिजतं आणि कशावर शिजतं, ते तिलाही ठाऊक होतं. सातचा ठसा तेवढा तिनं उचलला, जुन्या कुलपाबरोबर पिशवीत टाकला आणि दाराकडं निघाली. मागं मालकांनी खणातून आठ नंबरचा ठसा काढून जावयापुढं ठेवला. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत ठोके सुरू झाले होते. पहिला कच्चा होता. नंतरचे बसत गेले.

जुनं कुलूप परत पिठाच्या डब्यामागं गेलं. ती पुन्हा कामाला गेली नाही. जावई मात्र दर महिन्याला पगार आणायचा. नातू झाला, पाळणा आला. त्या महिन्यांत डब्यामागचा आवाज कमी झाला, मग थांबला. तिला वाटलं, सुटले एकदाची. कान म्हातारे झाले म्हणून तिनं देवाचे आभारसुद्धा मानले.

एका रविवारी दुपारी जावई जेवत होता. लेक बाळाला घेऊन शेजारी गेली होती, गल्ली निपचित. त्याचा घास ताटापासून अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला. तो पिठाच्या डब्याकडं बघत होता.

"आई, काही वाजलं का हो?"

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिनं पदरानं हात पुसले आणि त्याच्यासमोर बसली.

"किती वेळा?"

"दोनदा," तो म्हणाला, आणि हातातला घास तसाच धरून पुढच्याची वाट बघत राहिला.