नळीला ढील

आबांना आळंदी रस्त्यावर ट्रकनं उडवलं तेव्हा मी भोसरीतल्या एका वर्कशॉपात फिटर होतो. आबा म्हणजे माझे वडील. डोक्याला मार लागला, शुद्ध गेली. पिंपरीतल्या एका दवाखान्यात सिरियस पेशंटच्या खोलीत ठेवलं आणि लघवीला रबरी नळी घातली. खाटा आठ, नर्सबाई एकट्या. म्हणून बापाचं करायला मी रजा टाकून बसलो.

बाई म्हणाल्या, "भाऊ, नळी मांडीला चिकटवताना थोडी ढील ठेवा. आणि रोज मांडी बदला. एकाच जागी दाबून राहिली की जखम होते."

मी हो हो केलं. मनात म्हटलं, यांना काय कळतंय! आमच्या धंद्यात ढिला पाइप म्हणजे फिटरची लाज. हलला की गळला. त्यात एकदा चादर ओली झालेली, ते मला झोंबलं होतं. बाई जेवायला गेल्या तशी मी पट्टी काढली, नळी ताणून घेतली आणि घट्ट आवळून टाकली. वर आणखी दोन पट्ट्या. अंग पुसायला बाई आल्या की सांगायचो, "खालचं मी केलंय, राहू द्या." डॉक्टर यायचे ते डोकं बघून जायचे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी चादर सारली. नळीनं लघवीच्या जागेच्या टोकाशी कातडी चिरत नेली होती, आतलं मांस दिसत होतं. बेशुद्ध माणसाला ओरडता येत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

डॉक्टर बाईंवर कडाडले, "ही नळी कुणी बांधली? दिवसभर करता काय तुम्ही?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे. त्या म्हणाल्या, "चुकलं, सर." आजही ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

आबा वाचले, पुढं बरीच वर्षं जगले. पण जखम भरली ती लघवीची वाट आवळून. लघवीला बसले की कण्हायचे, बाहेर मला ऐकू यायचं. मग येऊन भिंतीला टेकायचे आणि आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "पोरानं लई केलं माजं. नर्सला हात लावू दिला न्हाई."

मी म्हणायचो, "व्हय आबा. पडा आता जरा."