थांब्यावरचं बोलणं

आमच्याकडे पाहुणा ‘येतो’ म्हणाला म्हणजे तो निघाला असं कोणी समजत नाही. तो उठतो, चपला घालतो, फाटकापर्यंत येतो आणि खरं बोलणं तिथे सुरू होतं. पोरीचं जमत नाहीये, भावाशी अबोला आहे, डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय. दोन चहा होईपर्यंत जे तोंडातून निघालं नाही, ते फाटकाची कडी हातात आली की निघतं. माझी आई अशा बोलण्याची मोठी गिऱ्हाईक. पाहुण्याला पोचवायला ती रस्त्याच्या वळणापर्यंत जायची आणि इकडे गॅसवरचा भात करपायचा. आम्ही तो करपलेला भात मुकाट्याने खायचो, कारण तिला काही बोललं तर ती आणखी दोन गोष्टी ऐकवायची.

पुढे मी समुपदेशक झाले, वर्ध्यात एक खोली घेतली, आणि कळलं की माणसं माझ्याकडेही तसंच करतात. पन्नास मिनिटं सांगतात ते एवढंच, झोप येत नाही, डोकं दुखतं, साहेब त्रास देतो. मग उठताना, दाराला हात लावून, मूळ गोष्ट. आम्हाला शिकवलेलं आहे की अशा वेळी वेळ वाढवायचा नाही. शांतपणे म्हणायचं, ‘हे महत्त्वाचं आहे, पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.’ माणूस पुढच्या वेळी येतो आणि बहुतेक बोलतो. नियम चांगला आहे, मी आजही पाळते. फक्त तो बापाला लावायला नको होता.

बाबा जवळच सेलूला एकटे राहतात. आईला जाऊन तीन वर्षं होत आली. दर मंगळवारी ते एसटीने वर्ध्याला येतात, पिशवीत काहीतरी घेऊन. थंडीत तुरीच्या ओल्या शेंगा, नाहीतर चार संत्री. माझ्या खोलीत आम्ही डबा खातो आणि मग मी त्यांना नागपूर रस्त्यावरच्या थांब्यावर सोडायला जाते. मागच्या हिवाळ्यात, असंच कडुनिंबाखाली उभे असताना, समोरून गाडी येताना दिसली आणि बाबा म्हणाले, “तुही माय गेल्यापासून...”

मी घड्याळ पाहिलं. चारला एक बाई येणार होत्या. “बाबा, हे पुढच्या मंगळवारी नीट बसून बोलू,” मी म्हटलं. ज्या आवाजात मी रोज म्हणते, त्याच आवाजात. बाबांनी मान हलवली आणि गाडीत चढले.

पुढच्या मंगळवारी मी त्यांना खरंच नीट बसवलं. दार लावलं, फोन बंद केला. “तुम्ही आईबद्दल काहीतरी सांगत होता.” बाबांनी खोलीभर नजर फिरवली. “काई नाई वं. असंच.” त्याच्या पुढच्या मंगळवारीही असंच. मग मी हुशारी केली, आडून विचारलं. झोप कशी आहे, जेवण जातं का, घर मोठं वाटतं का. बाबा निवृत्त तलाठी आहेत. आडून विचारणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली आहेत. “मस्त चालू हाय सारं,” ते म्हणायचे आणि शेंगा सोलायला घ्यायचे.

वर्षभर मी त्या अर्ध्या वाक्याच्या मागे होते. स्वयंपाक करताना मी ते पुरं करून पाहायची. तुझी माय गेल्यापासून मला झोप नाही. तुझी माय गेल्यापासून घर खायला उठतं. रोज अनोळखी माणसांच्या तोंडून असली वाक्यं ऐकायची, आणि घरच्या एका माणसाचं एक वाक्य ऐकायला इतकं आसुसायचं, याचा मला रागही यायचा. आई असती तर तिने ते वळणापर्यंत जाऊन ऐकलं असतं. मला बाबांचं बोलणं हवं होतं, आणि खरं सांगायचं तर आईही हवी होती, करपलेल्या भातासकट.

गेल्या मंगळवारी थांब्यावर आम्ही गाडीची वाट पाहत उभे होतो. विचारून विचारून माझे प्रश्न संपले होते. रस्त्यापलीकडे एक बाई बहुधा लेकीला सोडायला आली होती, आणि दोघींचं काही केल्या आवरत नव्हतं. एकीने दुसरीच्या पिशवीत डबा कोंबला, दुसरीने तो काढून परत दिला. मला एकदम भरून आलं. कुणाचं बोलणं काढायचं म्हणून नाही, माझं मलाच राहवलं नाही म्हणून मी म्हणाले, “बाबा, मले तिची लय आठवण येते. माह्याशी भांडाले कोणीच नाई राह्यलं.”

आणि मी रडायला लागले, भर रस्त्यात, दुपारी सव्वातीनला.

तेवढ्यात गाडी आली. कंडक्टरने दार उघडलं. बाबांनी हात हलवून त्याला पुढे जायला सांगितलं.

“जाऊ दे,” ते म्हणाले, “दुसरी येते.” मग त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. “तुही माय गेल्यापासून तुले रडताना नाई पाह्यलं मी. तेच इचारनार होतो तवा. मले वाटलं, तुले आठवण येतच नसन. मी एकटाच करून राह्यलो तिची आठवण.”

मी चारच्या बाईंना फोन करून आज जमणार नाही असं कळवलं. असं मी याआधी कधी केलं नव्हतं. कडुनिंबाच्या पारावर बसून बाबांनी आईचं सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. मधे दुसरी गाडी आली. तीही आम्ही जाऊ दिली.