मुराळी एकटाच परतला

माझ्या अक्काला तिच्या सासरच्यांनी पंचमीला पाठवले नाही आणि मी त्यांच्या उंबरठ्यावर भांडून तरातरा निघून आलो, अशी हकिकत आमच्या भावकीत आजही सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी अक्काच्या दारात नव्हता. मी होतो. मी भांडखोर आहे, हे नाकारीत नाही. परंतु जे भांडण मी केलेच नाही, ते माझ्या नावावर चढू देणार नाही.

पोलीस ॲक्शननंतरची ती पहिली किंवा दुसरी पंचमी. सणाला बहिणीला माहेरी आणायला भावाने मुराळी म्हणून जायचे, हा रिवाज. शहरातल्या छावणी भागातून निघालेल्या पैठणच्या बसने मला चितेगावच्या फाट्यावर सोडले. आज त्या बाजूला कारखान्यांची पत्र्याची छपरे आहेत. तेव्हा नुसता माळ होता. पायांखाली मुरूम, कडेला तरवड, गुडघ्याला लागणारे ओले गवत आणि डोक्यावर ओरडत फिरणारी टिटवी. चालून चालून अंगठ्याला फोड आला. ऊन डोक्यावर आले तेव्हा कुठे अक्काचे गाव दिसले.

तिच्या सासूने पाय धुवायला पाणी दिले आणि ती म्हणाली, "पाव्हणं, धाकटी सून बाळंतीण हाय, तिचा ताप उतरंना. थोरलीला नेलंत तर घर कोण बघंल? तरी न्यायचीच तर न्या. आमी आडवं येत नाय."

मी तोंड उघडणार तोच अक्का जावेचे तान्हे मूल खांद्याशी धरून बाहेर आली.

"न्यायला आलास का भांडायला?"

"न्यायला."

"मग गप बस. मला नाय यायचं औंदा. हे लेकरू माझ्याबिगर कुणाकडं ऱ्हात नाय. आईला सांग, मीच आले नाय म्हणून."

गावाबाहेर, जिथे माळ सुरू होतो तिथवर ती सोबत आली. "बिगीनं जा," ती हसत म्हणाली. "बस चुकली तर रातभर टिटव्यांसंगं भांडत बसशील."

परतताना फाट्याजवळच्या शेतात बाया निंदत होत्या. त्यांच्यात सणाला माहेरी आलेली आमच्या भावकीतली एक काकू होती. "मुराळी रिकामाच व्हय रे?" तिने विचारले. बस चुकेल म्हणून मी नुसती मान हलवून तसाच झपाझप पुढे गेलो. माझे हे न थांबणे तिने राग समजून घरोघर पोचवले.

दिवाळीच्या आधी जावेचा ताप अक्काला लागला. जाऊ उठली, अक्का गेली.

दहाव्यानंतर आईने मला समोर बसवले. "खरं सांग. तू निघालास तवा ती रडली का?"

"नाही. हसली."

"माहेर चुकलेली पोर हसत नसती. तू त्यांची बाजू घेतूस."

मी पुष्कळांना वादात गप्प केले आहे. आईपुढे माझे काही चालले नाही. तिने व्याह्यांचे तोंड पुन्हा पाहिले नाही आणि काकूचीच हकिकत खरी मानून ती गेली. भावकीशी मात्र मी अजून वाद घालतो. त्या दिवशी थांबायचे अक्काने स्वतः ठरवले होते, आणि तेवढेही तिचे राहू देत नाहीत, हे मला सोसत नाही.