पाठ केलेलं पत्रक

छापखान्यात ताज्या शाईचा वास आला की मी अजूनही बाळापूरच्या त्या सभेत अडकते. नळाला आठवड्यातून एकदाच पाणी, म्हणून घेतलेली सभा. भाषण म्हणून मी आमच्या संघटनेचं पत्रकच पाठ केलं होतं, आणि तेच आम्ही सगळ्यांना आधी वाटलं होतं. लोक ओळीवर बोट ठेवून ऐकत होते.

मधेच मी अडले.

"एक ओळ सोडली तुनं," समोरची म्हातारी म्हणाली.

मी उभी होते त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीभोवती माणसं दाटलेली, उतरायला जागा नाही.

"कागद आमी वाचला, पोरी. तुले काय म्हनायचं ते सांग."

सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हा तिचा संताप आला. आज स्वतःचा येतो. माईक तिच्या हातात द्यावा, एवढंही मला सुचलं नाही.