नातीसाठी आणलेलं दूध

जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवायच्या कारखान्यात तो एकवीस वर्षं भट्टीवर उभा होता. बरोबरीचे कुणी मनगटातून लुळे पडले, कुणाच्या पोटात असा पीळ पडे की धडधाकट माणूस जमिनीवर गडबडा लोळे. याला मात्र साधं पडसं नाही. देवाची कृपा, दुसरं काय! सगळे त्याला पोलादमामा म्हणत, आणि त्यालाही ते आवडे.

शिशावर उतारा म्हणून कारखान्यात दुपारी प्रत्येकाला पेलाभर दूध मिळे. दुधाने विष धुऊन निघतं, असं मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे धरून चालत. कामाच्या एकविसाव्या वर्षी मामाने ते प्यायचं सोडलं. दूध कडीच्या डब्यात ओतायचं आणि डबा भट्टीशेजारच्या खिळ्याला टांगायचा. उबेने दूध नासत नाही, अन् वाफ कोंडू नये म्हणून झाकण तिरकं, ही त्याची अक्कल.

"काय मामा, उद्या भट्टीपण घरी नेणार का?" मुकादम चिडवी.

"नातीला नेतो रे. मला काय धाड भरलीय!"

नात चार वर्षांची. ठमी म्हणत तिला. मुलगा मालट्रकवर, महिन्याकाठी चार दिवस घरी. म्हणून एरवी सून, ठमी आणि मामा, म्हणजे घरचा आबा, एवढंच घर. पोर भारी बोलकी. दाराशी मांजर आलं तरी त्याची उलटतपासणी घेई. हळूहळू ती गप्प झाली. रंग उतरला, जेवण तुटलं, पोट धरून रडू लागली. पोर सुकतेय म्हणून मामाने शेजारच्या गड्याचा पेलाही मागून घेतला.

एके सकाळी ठमीला आकडीचा झटका आला, तेव्हा दोघांनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा ओठ खाली ओढला. हिरडीच्या कडेने निळसर रेघ होती. रक्त तपासायला गेलं. त्यात शिसं निघालं, तेही भलतंच.

"घरात कुणी शिशाचं काम करतं?"

"मी. पण आंघोळ करून, कपडे बदलूनच घरात येतो, बाई," मामा म्हणाला. ते खरंच होतं.

"मग घरात फक्त हीच खाते-पिते, असं काही आहे?"

"नाही हो," सून म्हणाली. "उलट आबा रोज दूध आणतात, म्हणून एवढा तरी तग धरलाय."

मामाच्या डोळ्यांपुढे दुधावरची साय आली. करडी. रोज तो ती बोटाने काढून टाकी.

"कुठलं दूध?"

दुकानातलं, म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण खरं बोलायची तेवढी बुद्धी देवाने दिली म्हणायची.

"भट्टीजवळचं," तो म्हणाला. "उघडं ठेवलेलं."

बाहेर बाकावर सून रडली नाही.

"आबा, ती नको नको म्हणायची. मी नाक दाबून पाजलंय."

"तुझा काय दोष, पोरी?"

"मग कुणाचा?"



तीन आठवडे औषध चाललं. रक्तातलं शिसं उतरेल, पण डोक्याचं गेलं ते परत येईलच असं नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मामाचंही रक्त तपासलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही उभे कसे आहात, हेच मला कळत नाही."

ठमी घरी आली. सगळ्या वस्तूंना ती एकच शब्द वापरी, "ते". बापालाही "ते". फक्त आईला "आई". मामा कोपऱ्यात हात मांडीखाली धरून बसला होता. त्याने काम सोडलं होतं, तरी तिला शिवायचा धीर होईना. पायांत बळ नव्हतं, म्हणून ती रांगत त्याच्यापर्यंत आली आणि म्हणाली, "आबा."

त्याने सुनेकडे पाहिलं.

"घ्या तिला," सून म्हणाली. "आता ती ओळखते अशी माणसं दोनच उरलीत."